ग्रेहोल्डच्या वेशीत ठेवलेलं नाव

४ जानेवारी २०२६, रविवार

आज माझी गोष्ट ग्रुपवर टाकली आणि दुपारपर्यंत पार शोभा झाली.

नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढं मलाच वाचायला बरं. ग्रेहोल्ड हा मोबाइलवरचा गेम. एक मोठा गड, गडाला एकच वेस, आत माणसं, बाहेर धुकं. तो खेळणाऱ्या मराठी पोरापोरींचा एक ग्रुप आहे, आणि तिथं लोक त्या गडावरच्या गोष्टी रचून टाकतात. मी रचली ती स्वतःवरच. मी, पायल, जालन्यातल्या मस्तगडची, बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये उगवण तपासणारी, एके दिवशी थेट त्या गडात जाऊन पडते. आल्या आल्या राक्षस मारते. राणी मला गादी देऊ करते. मग वेस उघडते आणि चार वर्षांपूर्वी गड सोडून गेलेली थोरली परत येते. ही थोरली म्हणजे गडावर दिव्याचं तेल विकणारी बाई, मीच बनवलेली, मला लहानपणापासून ओळखणारी. ती येते, मला पुढ्यात बसवून माझी वेणी घालते, आणि गोष्ट संपते.

पोरं हसून लोळली. एकानं लिहिलं, "जालन्याची पोरगी आली आणि एका दिवसात गड साफ." तेही चाललं असतं. पण निनावी या नावानं एक मेंबर आहे, त्याचं लागलं मनाला. "लोअरमध्ये बसत नाही. नियम वाचून पुन्हा लिहावं. शेवट तर फारच ढिला आहे." लोअर म्हणजे त्या गेममधल्या जगाचा इतिहास आणि कायदा. गोष्ट त्यात बसली नाही तर ग्रुप ती ठेवत नाही. हा निनावी पुण्याचा कोणी इंजिनिअर असणार. एसीत बसून दुसऱ्याच्या चुका काढायला काय जातंय.

राक्षस काढून टाकते. गादीही नको. पण थोरली परत आली पाहिजे. तेवढ्यासाठीच तर लिहिली होती.

६ जानेवारी, मंगळवार

निनावीला विचारलं, नेमका कोणता नियम मोडला. दिवसभर उत्तर नाही. आज अंगारकी. उपास कडक धरत असावा.

ऑफिसला नवीन जालन्याकडं जाताना राजूरच्या गाड्या दिसल्या, दारापर्यंत माणसं. गणपतीला चालली होती. मी त्या गाड्यांकडं बघत नाही. राजूरला माझी ताई राहते.

ताई, म्हणजे रूपाली. चार वर्षांपूर्वी तिनं राजूरच्या बबलूशी लग्न केलं, घरी न सांगता. त्यांचं देवळाजवळ नारळ-हाराचं दुकान आहे असं कोणीतरी म्हणालं होतं. ते शेतकरी लोक, आपण बौद्ध. पण पप्पांचं दुखणं जातीचं नव्हतं, हे मी इथं तरी खरं लिहीन. लग्नात त्या लोकांनी ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीनं त्यावर तिचं दुसरं नाव काढलं. त्यांच्याकडं तशी रीत आहे. नवी सून, नवं नाव. पप्पांना ते कळलं तेव्हा ते जेवत होते. हात धुऊन उठले आणि म्हणाले, "ज्या घरानं माझ्या पोरीचं नाव पुसलं, त्या घरची सून म्हणून तिनं माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवायचं न्हाई." ते नवं नाव काय, हे त्यांनी कोणाला सांगू दिलं नाही. मला आजही माहीत नाही.

तेव्हापासून आमच्या घरात अळीमिळी गुपचिळी. मीही गप्प. मला न सांगता गेली ना, मग परत यायचं कामही तिचंच.

८ जानेवारी, गुरुवार

निनावीचं उत्तर आलं. असं:

"वेशीबाहेर जाणाऱ्याचं नाव पहारेकरी ठेवून घेतो. परत आल्यावर वेस नाव विचारते. ज्याच्यापाशी नाव नाही त्याला वेस आत घेत नाही. म्हणून तुझी थोरली येऊ शकत नाही. आणि दुसरं, तू जालन्याहून आलीस तर तलवार कुठं शिकलीस? तुला जे येतं ते कर."

मला काय येतं? ओला कागद अंथरून त्यावर बी मांडायचं, गुंडाळी करायची, कोंब आला की मोजायचे आणि मेलेलं बी बाजूला काढायचं. ह्याच्यावर कोणी गोष्ट लिहितं का.

पण लिहून बघितलं तर बसलं की! गडावर दुष्काळ आहे हे लोअरमध्येच आहे. कोठारातलं धान्य पेरतात आणि उगवत नाही. मी येते, धान्य ओल्या फडक्यात गुंडाळते आणि जिवंत बी निवडून देते. राणी गादी देत नाही, पण राहायला खोली देते. तलवारीपेक्षा हे वाचायला बरं वाटलं. निनावीला अक्कल आहे, मान्य करावं लागेल.

११ जानेवारी, रविवार

दुपारी उन्हात बसून लिहीत होते. आई शेजारी शेंगा फोडत होती. म्हणाली, "काय लिहून राह्यली एवढं?" मी म्हटलं, गडाची गोष्ट. ती म्हणाली, "तोच का, तुमच्या दोघींचा?" आणि मग एकदम उठून शेंगांची टरफलं टाकायला गेली. चार वर्षांत "दोघी" हा शब्द तिच्या तोंडून आला नव्हता.

हो, तोच. आमच्या दोघींत एकच मोबाइल होता. ताई डाव्या अंगठ्यानं माणूस पळवायची आणि मी उजवीकडून उडी अन् तलवार बघायची. डोक्याला डोकं लावून बसायचो. एकटीला तो गेम खेळताच येत नाही असं मला कितीतरी दिवस वाटायचं. खात्याला नावही दोघींचं मिळून दिलं होतं, रूपायल. ग्रुपवर मी आजही त्याच नावानं आहे. बदलायचा कंटाळा, दुसरं काय.

खेळून झालं की ती माझी वेणी बघायची. सकाळी मीच घातलेली असायची. "ढिली आहे," म्हणायची, आणि सोडून पुन्हा घालायची. आता मी केस बारीक रबरात बांधते, तेवढंच पुरतं.

मला ती हवी आहे. हे लिहायला काय हरकत आहे, ही वही कोण वाचतंय. मला माझी बहीण हवी आहे.

१४ जानेवारी, बुधवार

नामविस्तार दिन. पप्पा दर वर्षीसारखे पहाटे औरंगाबादला गेले, विद्यापीठाच्या गेटवर. ते जिल्हा परिषदेचे मास्तर, एरवी शाळा बुडवायची नाही म्हणजे नाही, पण आजची रजा ठरलेली. तरुणपणी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून मोर्चात लाठ्या खाल्लेल्या आहेत त्यांनी. डाव्या मनगटात अजून बाक आहे.

संध्याकाळी आले ते खुशीत. आईला म्हणाले, "काय गर्दी व्हती कौसल्या! लेकुरवाळ्या बाया, म्हातारे, समदे गेटाला हात लावून राह्यले. नाव म्हंजे काय असतंय, त्या लोकाईला इचार." आणि मग बोलता बोलता थांबले. आईनं चहा पुढं केला. मला ऑफिसात कोणीतरी तिळगूळ दिला होता, तो मी मध्ये ठेवला. कोणी घेतला नाही.

२० जानेवारी, मंगळवार

निनावीशी भांडण. दुसरी तिसरी खेप झाली. आधी लिहिलं की थोरली खोटं नाव सांगून आत येते. उत्तर: "वेस खोटं नाव ओळखते. भाग चार पाहा." मग लिहिलं की पहारेकऱ्याला काहीतरी देऊन वळवलं. उत्तर: "पहारेकरी दगडाचा आहे." मग मी तिला मागच्या कड्यावरून दोर लावून चढवली. उत्तर: "दमेल ती. शिवाय चोरासारखी का येईल? तिनं चोरी केली नाही."

मी चिडून लिहिलं, "मग तुम्हीच सांगा. मला ती आत हवी आहे. तुम्हाला काय, तुम्ही नियम सांगून मोकळे."

 उत्तर आलं: "तिला येता येत नाही हे गेमनं सांगितलं आहे. ती येत नाही म्हणून तिच्यावर रुसून काय उपयोग? तुझी नायिका गोष्टभर वेशीच्या आतच बसून आहे. तेवढं एकदा बघ."

हा माणूस मला शिकवतोय. गोष्ट माझी, नायिका मी, आणि बसले तर ह्याच्या पोटात का दुखतंय? आज काही लिहिणार नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाहून पप्पा आले ते मला घटनेतलं काहीतरी समजावत बसले. ते म्हणतात, कायदा वाचताना काय लिहिलंय ते वाच आणि काय लिहिलं न्हाई ते बी वाच. मी हूं हूं करत होते. मग एकदम डोक्यात उजेड पडला आणि ग्रेहोल्डचे नियम पुन्हा काढले.

वेस आत येणाऱ्याला नाव विचारते. बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही. कुठंच तसं लिहिलेलं नाही! आणि नाव ठेवून घेतात, पण ते विसरलं पाहिजे असंही लिहिलेलं नाही. थोरलीचं नाव आतल्या माणसांना माहीत आहे. म्हणजे नाव आत आहे आणि ती बाहेर आहे. कोणीतरी ते तिच्यापर्यंत नेऊन दिलं पाहिजे, एवढीच गोष्ट आहे.

निनावीला विचारलं, हे चालेल का. तो म्हणाला, "चालेल. पण बाहेर पडलीस की तुझंही नाव पहारेकरी ठेवून घेणार. त्याचं काय?"

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

१ फेब्रुवारी, रविवार

लिहिली. शेवट असा: पायल वेशीतून बाहेर पडते. पहारेकरी तिचं नाव काढून घेतो. ती धुक्यात उभी, स्वतःला काय म्हणायचं तेही आठवत नाही. पण थोरलीचं नाव तिला येतं, कारण ते कोणी मागितलंच नव्हतं. ती ते धुक्यात मोठ्यानं म्हणते. धुक्यातून उलट हाक येते, ती पायलच्या नावाची. थोरलीलाही पायलचं नाव येत होतं. मग दोघींपाशी नावं आहेत. आत जायचं की नाही, हे पुढं बघता येईल.

टाकल्यावर निनावीचं नुसतं "वाचलं" आलं. दोन तास गेले. मग: "आता बसलं. लोअरच्या बाहेर काही नाही." त्याच्या पुढं काही नाही. आणखी चार शब्द बोलला असता तर काय झालं असतं? पण मी मात्र रडले. लॅबमध्ये बी उगवलं की बरं वाटतं, तसं नव्हतं हे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

परवा निनावीला सहज विचारलं होतं, वेशीबाहेरची वस्ती किती लांब आहे, गेममध्ये दिलंय का. काल संकष्टी, म्हणून काल साहेबांचं उत्तर नाही. आज आलं.

"दिलेलं नाही. फार लांब नसावी. सकाळी निघालं तर दिवेलागणीला परत येता येईल एवढी."

जालन्याहून राजूर तर तासाभराचं आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पप्पा अंगणात गाडी पुसत होते. मी पायरीवर बसले आणि म्हटलं, "पप्पा, ताई गेली तेव्हा तुम्ही नेमकं काय म्हणला होता?"

फडकं थांबलं. चार वर्षांत हा शब्द अंगणात कोणी काढला नव्हता. "म्हणलो व्हतो, तिनं माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवायचं न्हाई."

"आणि आम्ही?"

"तुम्ही काय?"

"आम्ही तिच्याकडं जायचं नाही, असं म्हणला होता का?"

पप्पा मास्तर आहेत. शब्दाला शब्द ठेवणारे. त्यांनी खरंच आठवून पाहिलं, डोळे बारीक करून. मग म्हणाले, "न्हाई. तसं काही म्हणलो न्हवतो." फडकं पिळलं, पुन्हा पिळलं, पाणी तर कधीच संपलं होतं. "तुम्ही मायलेकींनी कधी इचारलंच न्हाई मला."

मला राग आला. "इतकी वर्षं आम्ही तुमच्या भीतीनं गप्प, आणि तुम्ही म्हणता विचारलं नाही!"

"भेव माझं?" पप्पा म्हणाले. "आन् मी समजून राह्यलो की तुम्हाला बी तिचा तेवढाच राग हाय."

आतून आईचं लाटणं थांबलं. ती दारात आली, हाताला पीठ. "मला वाटलं पायलला तिचं नाव नको झालंय. राजूरची गाडी दिसली की तोंड फिरवायची. म्हून मी बी गेले न्हाई." आणि तिथंच उंबऱ्यावर बसून पदरात तोंड घालून रडायला लागली.

कसली माणसं आहोत आम्ही. तिघंही आतून दाराला पाठ लावून बसलो होतो, आणि कडी कोणीच लावलेली नव्हती.

मी म्हटलं, "उद्या जाते मी."

पप्पा हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणाले नाहीत. गाडी पुन्हा पहिल्यापासून पुसायला लागले.

८ फेब्रुवारी, रविवार

आईनं पहाटेच धपाटे केले, ठेचा केला, डबा बांधून माझ्या हातात दिला. "सांग तिला, तीळ जास्ती घातलेत." बसमध्ये डबा मांडीवर गरम लागत होता. वाटेत कुठं कुठं मोसंबीच्या बागा फुलायला लागल्यात, खिडकीतून वास येत होता. मी दोनदा ठरवलं की पुढच्या स्टॉपला उतरायचं आणि परत फिरायचं. मला न सांगता गेलेली आहे ती. पण डबा होता ना, तो पोचवायला तर पाहिजे.

राजूरला आज गर्दी बेताची. देवळाच्या रस्त्याला हारांच्या दुकानांची ओळ. एका दुकानात एक म्हातारी बाई दुर्वांच्या जुड्या बांधत बसली होती. मी विचारलं, "रूपाली इथंच राहते का?"

"रूपाली? आमच्यात न्हाई बाई कुनी रूपाली."

"बबलूभाऊंची बायको."

"ती व्हय! ती मीना हाय. माझी सून." मग तिनं वर बघितलं, माझ्या तोंडाकडं, बराच वेळ. दुर्वा खाली ठेवल्या. "तू तिची बहीण. जिवनी डिट्टो तीच हाय." ही सगुणाबाई, ताईची सासू. "मंग उभी काय राह्यली? मागं नारळ सोलून राह्यली ती. मार की हाक."

हाक मारायची म्हणजे काय मारायची? मीना म्हटलं तर ते मला आजच कळलेलं. ताई म्हटलं तर त्या रस्त्यावर दहा जणी ताई. थोरल्या बहिणीला नावानं हाक मारू नये, मी जन्मात मारलेली नाही. आणि मी त्या भर रस्त्यात ओरडले, "रूपाली!"

मागचा नारळ सोलायचा आवाज थांबला.

ती पडदा सारून आली. बारीक झाली आहे. केसांत नारळाच्या शेंड्या. माझ्याकडं बघत राहिली, मी तिच्याकडं. मला वाटलं रडेल, मिठी मारेल. तिनं काही केलं नाही. जवळ आली, मला खांद्याला धरून फिरवलं, केस हातात घेतले आणि म्हणाली, "ही काय वेणी हाय? ढिली." मला तिथंच उपड्या क्रेटवर बसवलं आणि रबर काढून टाकलं.

समोर फळीवर, अगरबत्तीच्या पुड्यांत तिचा मोबाइल होता, काच तडकलेली. ग्रुप उघडा होता. माझी गोष्ट. खाली लिहायच्या चौकटीत अर्धं वाक्य, आणि वर नाव निनावी.

"तू?" मी वळायला गेले तर तिनं डोकं पुन्हा सरळ केलं.

"हलू नको. मंग दुसरं कोन काढील तुझ्या एवढ्या चुका?"

पुण्याचा इंजिनिअर! संकष्टीचा कडक उपास म्हणे, ती तर दुकानातली गर्दी! मी हसले आणि हसता हसता मला हुंदका आला. म्हटलं, "पहिल्या दिवशीच सांगायचं ना."

तिचे हात केसांत थांबले. "रूपायल नाव बघितलं आन् वळकलं. पर मला यायचं बंद व्हतं. तुला 'ये' म्हणलं असतं आन् तू आली नसतीस, तर मी काय केलं असतं, पायल? गोष्ट दुरुस्त करता येत व्हती, तेवढी केली." मग तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या मानेवर पडलं, गरम.

"रूपाली," सगुणाबाईंनी मागं एकदा तोंडात घोळवून बघितलं. मग गिऱ्हाईक आलं म्हणून त्या तिकडं वळल्या. धपाटे आम्ही तिघींनी तिथंच खाल्ले. तीळ जास्तच होते.

दिवेलागणीला घरी पोचले. आई डबा हातात घेऊन आत बघत राहिली, रिकामा आहे का ते. पप्पा पेपर उघडून बसले होते, सकाळचाच. मी समोरून गेले तरी वर बघितलं नाही. मग पेपराच्या आडूनच म्हणाले, "कोनत्या नावानं हाक मारली?"

"रूपाली."

"वळली?"

"लगेच, पप्पा. हातातलं टाकून आली."

पेपर तसाच होता. आईनं जाऊन तो त्यांच्या हातातून काढून घेतला, आणि ते डाव्या मनगटानं डोळे पुसत म्हणाले, "माझ्याकडून बी एक हाक मारायची व्हतीस."